चित्रा तारा, पाचू आणि व्यापाऱ्याची मुद्रिका

वैशाखाच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, तर क्षितिजापासून बऱ्याच उंचीवर एक निळसर शुभ्र तारा चमकताना दिसतो. त्याच्या आसपास तितका तेजस्वी दुसरा तारा नसल्याने तो सहज ओळखता येतो. हाच चित्रा. पौर्णिमेचा चंद्र ज्या महिन्यात या ताऱ्याजवळ येतो, त्या महिन्याला चैत्र म्हणतात. गुढीपाडव्याला नवे वर्ष याच महिन्याने सुरू होते आणि भगवान महावीरांची जन्मतिथीही याच महिन्यात येते.

पश्चिमेत या ताऱ्याला स्पायका म्हणतात. मध्ययुगीन युरोपात त्याच्याविषयी एक विधी सांगितला जात असे. चंद्र या ताऱ्याच्या युतीत किंवा शुभ दृष्टीत असावा आणि तारा पूर्वेस उगवत किंवा मध्यावर आलेला असावा. त्या वेळी पाचू घ्यावा, त्यावर आकृती कोरावी, कोंदणात पाचूखाली त्या ताऱ्याची मानलेली वनस्पती ठेवावी, धूप द्यावा आणि अंगठी बोटात घालावी. अशा अंगठीने संपत्ती मिळते, वादांत जय होतो आणि टंचाई दूर होते, असे मानले जाई. कोरायची आकृती एखाद्या पक्ष्याची असे, किंवा पाठीवर विक्रीचा माल लादलेल्या माणसाची. चित्रेचा ताईत हा अशा प्रकारे व्यापाऱ्याचाच ताईत होता.

ज्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका व्यापारावर आहे आणि ज्यातील कित्येक घराणी रत्नांच्याच व्यवहारात आहेत, त्या समाजाला ही परंपरा परकी वाटणार नाही. मंदीच्या दिवसांत वसुली थांबते, देणेकरी दाराशी येतात, आणि कुणीतरी हलक्या आवाजात एखाद्या रत्नाचे नाव सुचवतो. अशा वेळी घरातील ठेव मोडून रत्न घ्यावे का, आणि पेढीवर बसलेल्याने ते कोणत्या शब्दांत विकावे, हे दोन्ही प्रश्न आजचे आहेत. त्यांचा विचार करताना या जुन्या ताऱ्यांच्या ताइतांची हकिकत उपयोगी पडते.

पंधरा तारे, पंधरा रत्ने

ग्रह आकाशात जागा बदलतात. तारे मात्र परस्परांच्या संदर्भात जागच्या जागी राहिल्यासारखे दिसतात. म्हणून प्राचीनांनी त्यांना स्थिर तारे म्हटले. या ताऱ्यांतून पंधरा निवडून प्रत्येकाला एक रत्न, एक वनस्पती आणि एक आकृती जोडणारा एक छोटा लॅटिन ग्रंथ मध्ययुगात प्रसिद्ध होता. तो हर्मिस या पौराणिक ज्ञानी पुरुषाच्या नावावर खपत असे आणि अरबी विद्येच्या मार्गाने युरोपात पोहोचला होता. ताऱ्यांची हीच यादी 1390 च्या सुमारास इंग्रज कवी जॉन गॉवर याने आपल्या दीर्घकाव्यात घेतली. पुढे हाइनरिश कॉर्नेलिउस आग्रिपा या जर्मन पंडिताच्या गूढविद्येवरील ग्रंथात ती आली. तो ग्रंथ 1533 मध्ये पूर्ण स्वरूपात छापला गेला.

या पंधरांतील निम्मे तारे भारतीय वाचकाच्या ओळखीचे आहेत. कृत्तिका, रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा आणि अभिजित ही सात नावे नक्षत्रमालिकेतीलच आहेत. व्याध, ब्रह्महृदय आणि सप्तर्षींच्या शेपटाचा मरीची हेही त्या यादीत आढळतात. रोहिणीला माणिक दिले आहे आणि तिच्याकडून धन व मान मिळतो, असे म्हटले आहे. ब्रह्महृदयाला नीलम दिला आहे. त्याचे फळ राजाची मर्जी. कृत्तिकेला स्फटिक, मघेला तामडा, मरीचीला लोहचुंबक. अल्गोल या भीतिदायक मानलेल्या ताऱ्याला हिरा दिलेला असून त्याची आकृती रक्त गळणाऱ्या छिन्न मस्तकाची आहे.

अरबी जगात या विद्येचा मोठा ग्रंथ म्हणजे स्पेनमधील मुस्लिम राजवटीत रचला गेलेला ‘गायत अल-हकीम’. कास्तिलच्या दहाव्या आल्फोन्सो राजाच्या आज्ञेने 1256 मध्ये त्याचे स्पॅनिश भाषेत भाषांतर सुरू झाले आणि पुढे त्याच्या लॅटिन रूपाला ‘पिकाट्रिक्स’ हे नाव मिळाले. चंद्र ज्या अठ्ठावीस नक्षत्रांतून जातो, त्यांचा वापर हिंदुस्थानातील विद्वान करतात, असे हा ग्रंथ आदराने सांगतो. तिलिस्म हा शब्द ग्रीक भाषेतून अरबीत आला आणि ताईत हा शब्द अरबीतून मराठीत आला. माल आणि कल्पना दोन्ही एकाच सागरी मार्गाने ये-जा करीत होत्या.

एकच माल, दोन दाखले

व्यापारी कोणतीही वस्तू घेताना तिचे दाखले ताडून पाहतो. तीच रीत येथे लावावी. भारतीय फलज्योतिषात पाचू बुधाचा, हिरा शुक्राचा, माणिक सूर्याचे आणि नीलम शनीचा मानतात. युरोपीय यादीत पाचू चित्रेचा, हिरा अल्गोलचा, माणिक रोहिणीचे आणि नीलम ब्रह्महृदयाचा आहे. एका देशात जो नीलम शनीच्या भयाने सात वेळा विचार करून बोटात घालतात, तोच दुसऱ्या देशात राजाची मर्जी मिळवून देणारा ठरतो. दगड तोच, त्याची घनता तीच, काठिण्य तेच. गुण खरोखर दगडातच असता तर देश बदलल्याने त्याचा धनी बदलला नसता.

युरोपातही ही शंका त्या काळीच घेतली गेली होती. तेराव्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांचा आक्षेप साधा आणि मार्मिक होता. आकृती ही समजून घेणाऱ्या बुद्धीसाठी असते. दगडावर कोरलेली आकृती दगडाला कळत नाही आणि ताऱ्यालाही कळत नाही. तेव्हा ती कोरणारा कुणा अदृश्य शक्तीला विनवणी करीत असला पाहिजे आणि धर्मनिष्ठाने हे करू नये. फ्लॉरेन्सचे पंडित मार्सिलिओ फिचिनो यांनी 1489 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा आकृतींची सविस्तर चर्चा केली. पण कोरलेल्या आकृतींपेक्षा औषधांवर आपला भर अधिक आहे, हे सांगून त्यांनी स्वतःला सावरून घेतले. त्यांच्याच परिचयातील पिको देल्ला मिरांदोला यांनी फलज्योतिषाविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर 1496 मध्ये प्रकाशित झाला.

‘स्थिर’ तारा सरकतो

ताइताचा सारा विधी ताऱ्याच्या स्थानावर अवलंबून होता. ते स्थान कायमचे नाही, हे मनुष्याला कळले तेही चित्रेच्याच साहाय्याने. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियात टिमोकॅरिस या वेधकाराला हा तारा शरद-संपातापासून सुमारे आठ अंशांवर आढळला होता. सुमारे दीडशे वर्षांनंतर हिपार्कसने तोच वेध घेतला, तेव्हा अंतर सहा अंश निघाले. जुनी नोंद चुकीची म्हणून त्याने टाकून दिली नाही. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून त्याने फरकाचे कारण शोधले. त्यातून संपातबिंदू हळूहळू सरकतो, म्हणजेच अयनचलन होते, हे उघड झाले. आजच्या मोजमापानुसार ही गती सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश इतकी आहे. जुना जमाखर्च जपून ठेवला आणि नव्या शिल्लकेशी ताडून पाहिला, म्हणजे असा लाभ होतो.

महाराष्ट्राच्या घराघरांत भिंतीवर टांगलेल्या पंचांगाशी या गोष्टीचे थेट नाते आहे. निरयन राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा, याविषयी विसाव्या शतकात मोठा वाद झाला. लोकमान्य टिळकांचा कल रेवती ताऱ्याकडे होता आणि टिळक पंचांग आजही त्या पक्षाने चालते. बागलकोटचे ज्योतिर्गणिती वेंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रापक्ष मांडला. त्यानुसार चित्रा तारा राशिचक्राच्या बरोबर मध्याशी धरून त्याच्या समोरच्या बिंदूपासून गणना होते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने 1955 च्या अहवालात जो अयनांश स्वीकारला, तोही मूलतः चित्रेवरच आधारलेला आहे. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर असल्याने काही वेळा अधिक मासही वेगवेगळे येतात.

तेव्हा पाचूच्या अंगठीने कुणा व्यापाऱ्याचा माल खपला की नाही, हे ठरवता येत नसले, तरी चित्रेने मनुष्याला काळ मोजण्याचा एक पक्का खुंट दिला, हे सिद्ध आहे.

जैन मुनींचा यंत्रराज

‘यंत्र’ या शब्दाचे जैन परंपरेत दोन अर्थ आहेत. एक यंत्र ताम्रपटावर किंवा भूर्जपत्रावर रेखून पूजेत ठेवतात. दुसरे यंत्र म्हणजे मोजण्याचे उपकरण. ताऱ्यांचा संबंध दोन्हींशी येतो.

चौदाव्या शतकात दिल्लीला फिरोजशहा तुघलकाच्या दरबारात महेंद्रसूरी नावाचे जैन आचार्य होते. ते मदनसूरींचे शिष्य. त्यांनी 1370 मध्ये ‘यंत्रराज’ हा ग्रंथ रचला. मुस्लिम ज्योतिर्विदांकडून आलेल्या ॲस्ट्रोलेब या उपकरणावरील तो पहिला संस्कृत ग्रंथ. पितळेच्या तबकडीवर जाळीदार चकती बसवून तिच्या टोकांनी ठळक ताऱ्यांची स्थाने दाखवायची आणि ती फिरवून वेळ, उंची, उदय व अस्त काढायचे, अशी या उपकरणाची रचना असते. महेंद्रसूरींनी त्यासाठी बत्तीस ताऱ्यांची सारणी दिली. त्यांचे शिष्य मलयेंदुसूरी यांनी ग्रंथावर टीका लिहिली. परक्या भाषेतील, परक्या धर्माच्या विद्वानांची विद्या एका जैन मुनीने आदराने शिकून घेतली, तपासली आणि आपल्या भाषेत आणली.

युरोपात ज्या शतकांत स्थिर ताऱ्यांची नावे रत्नांवर कोरली जात होती, त्याच काळात एका जैन आचार्याने स्थिर तारे पितळेच्या जाळीवर मांडले. एका कामात ताऱ्याकडून काही मागितले जात होते. दुसऱ्यात तारा कोठे आहे, एवढेच पाहिले जात होते.

जैन परंपरेत पहिल्या प्रकारचे यंत्र नव्हतेच, असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. अकराव्या शतकातील मल्लिषेणांचा ‘भैरवपद्मावतीकल्प’ मंत्र-यंत्रांचाच ग्रंथ आहे, आणि ऋषिमंडल व सिद्धचक्र यंत्रे आजही मंदिरांत श्रद्धेने पूजिली जातात. म्हणून युरोपातील ताइतांना हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. सिद्धचक्राच्या मध्यभागी अरिहंत असतात आणि सभोवती सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू, तसेच दर्शन, ज्ञान, चारित्र्य व तप. तेथे नमन गुणांना आहे. त्या यंत्रासमोर बसूनही मनात केवळ दुकानाचा गल्ला असेल, तर आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त ज्याला देवमूढता म्हटले आहे, ती वराच्या आशेने केलेली उपासना तेथेही शिरते.

तारे काय करतात?

दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्रे आणि विखुरलेले तारे या ज्योतिष्क देवांचे वर्णन येते. मनुष्यलोकात ते मेरूभोवती निरंतर फिरतात आणि त्यांच्या गतीने काळाचे विभाग होतात, असे तेथे सांगितले आहे. या देवांनाही आयुष्याची मर्यादा आहे; तेही संसारातच आहेत. जो स्वतः कर्मबंधनातून सुटलेला नाही, तो दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब कसा फेडणार?

याचे सर्वांत सुंदर उदाहरण पुन्हा चित्रेनेच दिले आहे. कल्पसूत्रानुसार बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांच्या जीवनातील पाचही कल्याणक प्रसंगी चंद्र चित्रा नक्षत्रात होता. ताईत करणारा कारागीर ज्या योगाची वाट पाहत बसे, तोच हा चंद्र-चित्रा योग. नेमिकुमारांची कथा घरोघरी माहीत आहे. विवाहाची वरात निघाली, वाटेत भोजनासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी आला, आणि कुमारांनी रथ थांबवला. उत्तराध्ययन सूत्र सांगते की त्यांनी कर्णकुंडले, हार आणि अंगावरील सर्व अलंकार उतरवून सारथ्याला देऊन टाकले. पुढे चित्रा नक्षत्रावर ते द्वारकेतून बाहेर पडले आणि रैवतकावर, म्हणजे गिरनारवर, त्यांनी दीक्षा घेतली. त्याच योगावर युरोपातील कारागीर पाचू कोंदणात बसवीत होता. जैन परंपरेने तो योग अलंकार उतरवणाऱ्या राजकुमाराच्या दीक्षेची वेळ म्हणून स्मरणात ठेवला.

स्वातीचेही तसेच. युरोपीय यादीत तिचे रत्न सूर्यकांत आणि फळ ज्वर व रक्तस्राव थांबणे. जैन स्मृतीत दीपावलीच्या अमावास्येला, चंद्र स्वातीत असताना, भगवान महावीर पावापुरीस निर्वाणाला गेले. स्वातीने निर्वाण दिले, असे मात्र कोणत्याही आचार्याने म्हटले नाही. नक्षत्राने वेळ सांगितली. कर्मक्षय भगवंतांनी स्वतःच्या तपाने केला.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा शब्द लाभांतराय हा आहे. मिळू शकणारा लाभ ज्यामुळे अडतो, ते हे कर्म. ते कशाने बांधले जाते, याचे उत्तर तत्त्वार्थसूत्राने थोडक्यात दिले आहे: इतरांच्या दान, लाभ, भोग इत्यादींत विघ्न आणल्याने. कुणाची रास्त देणी अडवून ठेवणे, नोकराचा पगार लांबवणे, शेजारच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक खोटे बोलून तोडणे ही त्याची रोजची रूपे. मंदीत बोटातील दगड बदलण्याआधी खतावणीतील अशी पाने पाहणे, हा जैन दृष्टीचा उपाय आहे. त्याला मुहूर्त लागत नाही आणि खर्चही थोडा येतो.

रत्नाच्या पेढीवर

पेढीवर बसणाऱ्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ग्राहक स्वतःच पाचू मागतो, त्याची श्रद्धा असते. जवाहिऱ्याने त्याला परत पाठवावे काय? येथेही परंपरेत एक दीपस्तंभ आहे. अलाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीच्या राजकोशात काम करणारे श्रीमाल जैन ठक्कुर फेरू यांनी 1315 मध्ये ‘रत्नपरीक्षा’ आणि 1318 मध्ये नाण्यांवरील ‘द्रव्यपरीक्षा’ लिहिली. रत्न कसे ओळखावे, त्याचे गुण-दोष कोणते आणि वजनानुसार भाव किती, हे सांगताना त्यांनी प्रत्यक्ष बाजाराचा अनुभव वापरला. दोन्ही ग्रंथांच्या नावांतच परीक्षा हा शब्द आहे.

अणुव्रतांच्या अतिचारांची यादी तर थेट पेढीलाच उद्देशून लिहिल्यासारखी वाटते. अचौर्याच्या अतिचारांत कमी-जास्त वजन-माप आणि असलीच्या जागी नकली माल खपवणे हे दोन आहेत. सत्याच्या अतिचारांत मिथ्या उपदेश हा आहे. पाचूत स्वभावतः भेगा असतात. त्या तेलाने किंवा राळेने भरण्याची रीत जगभर आहे. भेगा भरल्याचे सांगून विकला तर तो व्यवहार. न सांगता विकला तर तो अतिचार. त्याच न्यायाने पाचू हा पाचू म्हणून, त्याचा रंग, वजन, स्वच्छता आणि संस्कार सांगून विकला तर तो सचोटीचा धंदा. पण तो घेतल्यावर तुमचे कर्ज फिटेल, असे सांगून विकला तर बिलात न लिहिता येणारी एक वस्तू विकली गेली, आणि तिची परीक्षा कोणत्याही रत्नपारख्याला करता येणार नाही. उत्तराध्ययनाने लक्षणे व स्वप्नफळे सांगून जगणाऱ्या साधूला श्रमण म्हणण्याचे नाकारले आहे. श्रावकाला इतका कठोर नियम नाही. पण अडचणीत आलेल्या माणसाच्या भयावर नफा मिळवू नये, एवढे तर त्यालाही कळते.

घरातील वडीलधाऱ्यांनी श्रद्धेने दिलेली अंगठी कुणी घालत असेल, तर ती उपटून टाकण्याचे कारण नाही. तिच्यात आजोबांची आठवण असते आणि पाचू सुंदरही दिसतो. फक्त त्या अंगठीसाठी कर्ज काढू नये, आणि तिच्या भरवशावर वसुली, हिशेब व शब्द यांकडे दुर्लक्ष करू नये.

चित्रा हा प्रत्यक्षात एक तारा नसून दोन ताऱ्यांची जोडी आहे. दोघे सुमारे चार दिवसांत परस्परांभोवती एक फेरी पूर्ण करतात. पृथ्वीपासून ते सुमारे अडीचशे प्रकाशवर्षे दूर आहेत. आज रात्री दिसणारा त्यांचा प्रकाश सध्याच्या दुकानदाराच्या सात-आठ पिढ्यांआधी निघालेला आहे. त्या प्रकाशाला कुणाच्या उधारीची माहिती नाही. वैशाखाच्या रात्री दुकान वाढवून घरी परतताना मुलांना गच्चीवर न्यावे, चित्रा दाखवावी, चैत्राचे नाव कोठून आले ते सांगावे, आणि नेमिकुमारांनी रथ कोठे थांबवला तेही सांगावे.